माथेरान नव्हे, मातरों!

प्रत्येक ब्रँचचा एक देव ठरलेला असतो. कॉम्प्युटरवाल्यांचा ट्युरिंग, इलेक्ट्रिकलवाल्यांचा टेस्ला आणि सिव्हिलवाल्यांचे तर अगदी घरचेच, सर विश्वेश्वरय्या. मायनिंगवाल्यांचा देव कोण असं होस्टेलमध्ये विचारलं, की हमखास एकच उत्तर येतं - 'काला पत्थर'मधला अमिताभ! आणि मग सगळे हसतात. हसायला माझी हरकत नाही. पण आमचाही एक खराखुरा माणूस आहे आणि त्याची ओळख करून द्यावी म्हणून हा लेखनप्रपंच.

त्यांचं नाव जॉर्ज मातरों. पुस्तकात त्यांचं इंग्रजी स्पेलिंग दिसलं, की आपला महाराष्ट्रीय डोळा सरळ 'माथेरान' वाचतो आणि मिनी ट्रेन आठवते. पण ते फ्रेंच होते आणि फ्रेंच लोक हे नाव 'मातरों' असं काहीसं उच्चारतात. मीही इथे तसंच लिहिणार आहे. आज खुल्या खाणीचं म्हणजे ओपनकास्टचं प्लॅनिंग कॉम्प्युटरवर होतं, ते ज्या गणितावर उभं आहे त्यातलं फार मोठं काम या माणसाने केलं. आणि कॉम्प्युटर, ई अँड टीसीवाल्यांनो, तुम्ही लगेच पान उलटू नका. तुमच्या इमेज प्रोसेसिंगच्या लॅबमध्येही हाच माणूस लपलेला आहे. तो कसा, ते पुढे सांगतो.

आधी प्रश्न समजून घेऊ

समजा, एका टेकडीखाली मँगनीज आहे. किती आहे, कुठे आहे, किती चांगलं आहे, हे खोदण्याआधी कळायला हवं. त्यासाठी बोअरहोल मारतात. दर ५० मीटरवर एक भोक, आणि त्यातून बाहेर येणारा दगडाचा दांडा (कोअर) समजा ५ सेंटिमीटर जाडीचा. आता कॅल्क्युलेटर काढा. ५० बाय ५० मीटरच्या चौकोनात आपण प्रत्यक्ष पाहिलेला भाग किती? साधारण बारा-तेरा लाखांत एक! उरलेलं सगळं अंधारात. आणि या अंधाराच्या भरवशावर शेकडो कोटी रुपयांचे डंपर आणि शॉव्हेल घ्यायचे, ओव्हरबर्डनचा ढीग कुठे टाकायचा ते ठरवायचं, वाटेत गाव असेल तर ते उठवायचं.

खाण ही काही पत्त्यांचा डाव नाही, की चुकला तर पुन्हा पिसू. खड्डा एकदा पडला की पडला. ओबीचा डंप चुकून खनिजाच्याच डोक्यावर टाकला, तर तो पुन्हा उचलण्याचा खर्च कोण देणार? आणि उठवलेलं गाव तर परत बसत नाही. म्हणून बोअरहोलमधल्या मूठभर दगडावरून न पाहिलेल्या लाखो टनांचा अंदाज करणे, आणि तो अंदाज कितपत चुकू शकतो हेही सांगणे, हा आमच्या शास्त्रातला मूळ प्रश्न आहे. मातरोंनी आयुष्यभर याच प्रश्नाचा पिच्छा पुरवला.

पॅरिस ते अल्जीरिया

मातरोंचा जन्म २ डिसेंबर १९३० चा, पॅरिसमधला. १९४९ मध्ये त्यांना 'एकोल पॉलिटेक्निक'मध्ये प्रवेश मिळाला. आपल्याकडे आयआयटीची जी हवा आहे, तीच फ्रान्समध्ये या संस्थेची, आणि ती शंभराहून अधिक वर्षं जुनी. तिथे प्रॉबेबिलिटीचे मोठे गणिती पॉल लेव्ही शिकवत. पुढे मातरों 'कोर दे मीन' या सरकारी खाण अभियंत्यांच्या मानाच्या सेवेत दाखल झाले. म्हणजे एकीकडे शुद्ध गणित आणि दुसरीकडे बूट-हेल्मेट. या दोन गोष्टी एकाच डोक्यात नांदणं फार दुर्मीळ असतं.

१९५४ मध्ये ते अल्जीरियाला गेले. त्या वेळी अल्जीरिया फ्रान्सच्या ताब्यात होता आणि त्याच वर्षी तिथे स्वातंत्र्ययुद्ध पेटलं, जे १९६२ पर्यंत चाललं. अशा देशात विशीतला हा तरुण भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कामावर रुजू झाला. १९५४ ते १९६३ ही वर्षं त्यांनी तिथे आणि मग फ्रान्समध्ये अशाच कामात काढली. हातात होते खाणींचे नमुने आणि त्यांच्या तपासणीचे आकडे. शिसं किती टक्के, चांदी किती ग्रॅम. १९५४ मध्येच त्यांनी शिसे आणि चांदी यांच्या प्रमाणातला संबंध तपासणारी एक छोटी टिपण लिहिली. आज जिओस्टॅटिस्टिक्स म्हणून जो विषय आम्हाला शिकवतात, त्यातली त्यांची ही पहिली पायरी मानतात.

सोन्याच्या खाणीतलं कोडं

त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत, डॅनी क्रीग नावाचे एक अभियंता एका कोड्याने हैराण झाले होते. नमुन्यांवरून ज्या ब्लॉकमध्ये भरपूर सोनं आहे असं वाटायचं, तो प्रत्यक्षात खणला की अपेक्षेपेक्षा कमी सोनं निघायचं. आणि जो ब्लॉक गरीब म्हणून सोडून द्यायचा, तो बरा निघायचा. हे एखाद्या वेळी नाही, पद्धतशीरपणे व्हायचं! क्रीग यांनी १९५१ मध्ये यावर लेख लिहिला.

हे कोडं समजायला आपली मेस पुरेशी आहे. रविवारचा शिरा आठवा. पातेल्यातून एक चमचा शिरा घेतला. नशीब असेल तर त्यात दोन काजू येतात, नसेल तर एकही नाही. म्हणजे चमच्यांमध्ये फरक प्रचंड. पण पूर्ण ताट भरून शिरा घेतला, तर प्रत्येक ताटात काजूंची संख्या बरीचशी सारखी असते. आता तुमच्या चमच्यात दोन काजू आले म्हणून 'माझ्या ताटात प्रत्येक चमच्याला दोन काजू' असा हिशेब केला, तर ताट संपेपर्यंत तोंड कडू होणार हे नक्की. आणि ज्याच्या चमच्यात एकही नाही, तो उगाच ताट टाकून उठेल. नमुना म्हणजे चमचा, खाणीतला ब्लॉक म्हणजे ताट. चमच्याचे नियम ताटाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. आमच्या भाषेत याला 'सपोर्ट इफेक्ट' म्हणतात. अगदी शेजारी शेजारी घेतलेल्या दोन चमच्यांतही जो फरक पडतो, त्याला म्हणतात 'नगेट इफेक्ट'. नगेट म्हणजे सोन्याचा गोळा. आपल्या भाषेत काजू!

क्रीग यांनी अनुभवावरून आणि आकड्यांवरून दुरुस्तीची पद्धत काढली होती. मातरोंनी हे काम वाचलं. हर्बर्ट सिशेल आणि डच संशोधक डी वाइस यांचंही काम त्यांनी अभ्यासलं. आणि मग त्यांनी विचारलं, की या दुरुस्तीच्या मुळाशी असलेला सर्वसाधारण नियम कोणता?

त्यांचं उत्तर असं. जमिनीतला गुणधर्म जागेनुसार बदलतो, पण तो पूर्ण मनमानीही नसतो. जवळच्या दोन जागा साधारण सारख्या असतात, अंतर वाढलं की सारखेपणा कमी होतो. मग आधी हे मोजा. उपलब्ध नमुन्यांच्या जोड्या करा, प्रत्येक अंतरासाठी जोडीतल्या फरकाचा वर्ग काढा, त्याची सरासरी घ्या, निम्मी करा आणि आलेख काढा. हाच तो 'व्हेरिओग्राम', ज्याने दरवर्षी आमच्या व्हायव्हात कितीतरी बळी घेतले आहेत! हा आलेख सांगतो की या खनिजात शेजाऱ्याची साक्ष किती अंतरापर्यंत ग्राह्य धरायची. त्या अंतराला 'रेंज' म्हणतात. त्यापलीकडचा नमुना त्या जागेबद्दल फारसं काही सांगू शकत नाही.

एकदा व्हेरिओग्राम मिळाला, की ब्लॉकच्या आजूबाजूच्या नमुन्यांना किती वजन द्यायचं हे समीकरणं सोडवून काढता येतं. जवळच्याला जास्त, लांबच्याला कमी. पण यात एक गंमत आहे. एकाच बाजूला पाच बोअरहोल चिकटून असतील, तर त्यांना पाच स्वतंत्र साक्षीदार मानत नाहीत. एकाच घरातल्या पाच जणांची साक्ष म्हणून त्यांचं वजन आपोआप वाटलं जातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उत्तराबरोबर दुसरा एक आकडा मिळतो, की या अंदाजात चूक किती असू शकते.

या पद्धतीला मातरोंनी नाव दिलं 'क्रिगेज', म्हणजेच इंग्रजीत क्रिगिंग. पद्धतीची गणिती इमारत त्यांनी स्वतः उभी केली, पण दारावर पाटी लावली क्रीग यांच्या नावाची! १९६२ आणि १९६३ मध्ये त्यांच्या ग्रंथाचे दोन खंड निघाले, त्यातला दुसरा पूर्ण क्रिगिंगवर. १९६५ मध्ये त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध झाला. ज्या जगात शोधनिबंधावर पहिलं नाव कोणाचं यावरून भांडणं होतात, त्या जगात हा माणूस आपल्या सगळ्यात मोठ्या कामाला दुसऱ्याचं नाव देऊन मोकळा झाला. मला ही गोष्ट व्हेरिओग्रामपेक्षाही समजायला कठीण वाटते!

फॉन्तेनब्लोचं केंद्र आणि कॉम्प्युटर

१९६८ मध्ये पॅरिसच्या 'एकोल दे मीन' या खाण महाविद्यालयाने फॉन्तेनब्लो या गावी एक संशोधन केंद्र सुरू केलं आणि मातरों त्याचे प्रमुख झाले. पॅरिसपासून साठेक किलोमीटरवरचं हे गाव राजवाड्यासाठी आणि जंगलासाठी प्रसिद्ध आहे. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी इथेच काढलं.

हा काळ महत्त्वाचा आहे, कारण नेमका याच वेळी कॉम्प्युटर खाणींत शिरत होता. क्रिगिंगमध्ये प्रत्येक ब्लॉकसाठी समीकरणांचा एक संच सोडवावा लागतो. एका मोठ्या ओपनकास्टच्या मॉडेलमध्ये ब्लॉक असतात लाखांनी. हाताने हे करायला सात जन्म पुरणार नाहीत. म्हणजे गणित आधी तयार झालं आणि त्याला पेलणारं यंत्र मागून आलं. दोघांची गाठ पडली आणि खाण प्लॅनिंगचं रूपच बदललं.

आता ब्लॉक मॉडेल म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. जमिनीखालचा सगळा भाग ठोकळ्यांत कापलेला आहे अशी कल्पना करा. ठोकळ्याची उंची बहुतेक वेळा बेंचच्या उंचीइतकी ठेवतात. प्रत्येक ठोकळ्याला क्रिगिंगने ग्रेड द्यायचा. ग्रेडवरून त्याची किंमत काढायची. खनिजाचा ठोकळा अधिक, मुरूम-दगडाचा ठोकळा उणे, कारण तो उचलायला पैसेच जातात. खालचा ठोकळा काढायचा तर त्याच्या वरचे सगळे आधी काढावे लागतात, आणि बाजू कोसळू नये म्हणून उतारही राखावा लागतो. मग प्रश्न उरतो तो असा, की कोणते ठोकळे उचलले तर एकूण बेरीज सर्वांत जास्त येईल?

ऐकायला सोपं वाटतं, पण शक्यता मोजायला गेलात तर आकडा कागदावर मावत नाही. १९६५ मध्ये लेर्क्स आणि ग्रॉसमन या दोघांनी कॅनडात यावर ग्राफ थिअरीने अचूक उत्तर काढलं. १९७६ मध्ये पिकार यांनी दाखवून दिलं की हा प्रश्न नेटवर्कमधल्या मॅक्सिमम फ्लोचाच एक प्रकार आहे. कॉम्प्युटरवाल्यांनो, तुम्ही अल्गोरिदमच्या पेपरात जो मॅक्स-फ्लो मिन-कट पाठ करता, त्याने आमचे खड्डे खोदले जातात!

पण इथे मातरोंनी एक वेगळाच मुद्दा उचलला. सर्वोत्तम खड्डा काढण्यासाठी खनिजाचा भाव धरावा लागतो. आणि भाव? आज एक, उद्या एक. खाण चालणार वीस-पंचवीस वर्षं, तेव्हाचा भाव कोणाला ठाऊक? मग एकाच भावाचा एकच 'सर्वोत्तम' खड्डा काढून त्याची पूजा कशाला करायची? त्यापेक्षा खड्ड्यांचं एक कुटुंबच काढा. लहानाच्या पोटात त्याहून लहान, कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकात एक बसणारे. भाव पडला तर आतल्या पाकळीवर थांबा, चढला तर बाहेरच्या पाकळीवर जा. लेर्क्स-ग्रॉसमन यांच्या लेखात याचं बीज होतंच. १९७५ मध्ये मातरोंनी या 'पॅरामीटरायझेशन'ला स्वतंत्र गणिती पाया दिला आणि जमिनीचं गणित बाजाराच्या गणितापासून वेगळं करून दाखवलं. आज प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही भाव कमी-जास्त करत एकात एक खड्डे काढतो, आणि खाण कुठून सुरू करून कुठे वाढवायची याचे टप्पे त्यावरून ठरतात.

इमेज प्रोसेसिंगमधला खाणवाला

आता ई अँड टीसी आणि कॉम्प्युटरवाल्यांना दिलेला शब्द पाळतो. १९६४ मध्ये मातरोंकडे ज्याँ सेरा नावाचा एक तरुण संशोधक पीएचडीचं काम करत होता. विषय होता फ्रान्सच्या लोरेन भागातलं लोहखनिज. खनिज दळताना कसं फुटेल हे त्याच्या पोतावरून ओळखायचं होतं. मायक्रोस्कोपखाली दिसणाऱ्या दाण्यांची, फटींची मोजदाद कशी करायची? या दोघांनी त्यासाठी नवीनच गणित तयार केलं. एक छोटा आकार घ्यायचा, तो चित्रावर सगळीकडे फिरवायचा, आणि कुठे बसतो, कुठे बसत नाही ते पाहायचं. त्यातून निघाले 'इरोजन', 'डायलेशन', 'ओपनिंग', 'क्लोजिंग'.

ही नावं ओळखीची वाटतात ना? ओपनसीव्हीमध्ये तुम्ही ज्या कमांड देऊन नंबरप्लेटवरचे ठिपके काढून टाकता, त्याच या. या विषयाला 'मॅथेमॅटिकल मॉर्फॉलॉजी' म्हणतात. आज ती डॉक्टरांच्या स्कॅनपासून फिंगरप्रिंटपर्यंत सगळीकडे वापरली जाते, पण तिचा जन्म लोखंडाच्या दगडातून झाला. आणि मशीन लर्निंगवाल्यांसाठी अजून एक - तुम्ही ज्याला 'गॉसियन प्रोसेस रिग्रेशन' म्हणता, ते गणिताच्या दृष्टीने क्रिगिंगचंच भावंड आहे. तेव्हा पुढच्या वेळी 'मायनिंगमध्ये कसलं आलंय डोकं' असं म्हणण्याआधी जरा विचार करा!

टीका आणि उत्तर

मातरोंना सगळ्यांनी डोक्यावर घेतलं असं मात्र नाही. १९८६ मध्ये फिलिप आणि वॉटसन या दोन संशोधकांनी एका नामांकित जर्नलमध्ये त्यांच्या पद्धतीवर कडक टीका केली. त्यांचा आक्षेप थोडक्यात असा, की जमीन एकच आहे, ती काही फासे टाकून तयार झालेली नाही; मग तिला 'रँडम' मानून केलेलं गणित तपासून कसं पाहणार? त्यावर दुसऱ्या बाजूनेही तितकीच कडक उत्तरं आली आणि वाद बराच रंगला.

मला विशेष वाटतं ते हे, की हाच प्रश्न मातरोंनी स्वतःला आधीच विचारला होता. १९७८ मध्ये त्यांनी 'एस्तिमे ए श्वाझीर', म्हणजे 'अंदाज करणे आणि निवड करणे', या नावाचं पुस्तक लिहिलं. त्यातला गाभा माझ्या समजुतीप्रमाणे असा आहे. मॉडेलमधल्या काही गोष्टी अशा असतात, की त्या खऱ्या की खोट्या हे एक दिवस कळणारच. ब्लॉकची सरासरी ग्रेड घ्या. ब्लॉक खणला, प्लांटमध्ये गेला, की दूध का दूध, पानी का पानी. पण मॉडेलमधल्या काही गोष्टी निव्वळ आपल्या कल्पनेतल्या असतात आणि त्या कधीच तपासता येणार नाहीत. इंजिनिअरने पहिल्या प्रकारच्या विधानांवर उभं राहावं आणि दुसऱ्या प्रकारच्या विधानांना सत्य समजू नये. मॉडेल वापरा, पण त्याच्या प्रेमात पडू नका. स्वतः आयुष्यभर मॉडेल बनवणाऱ्या माणसाने हे लिहावं, याला मोठं मन लागतं.

याच्या उलट टोकाचं उदाहरण म्हणजे १९९७ चं ब्री-एक्स प्रकरण. इंडोनेशियातल्या बुसांग इथे अफाट सोनं सापडल्याचा दावा एका कॅनेडियन कंपनीने केला होता. शेअर आकाशाला भिडले. शेवटी उघड झालं की नमुन्यांच्या चुऱ्यात बाहेरचं सोनं मिसळलेलं होतं! लोकांचे पैसे बुडाले. कॉम्प्युटर बिचारा काय करणार? त्याला जे आकडे दिले, त्यांचं त्याने नीट गणित केलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

न छापलेला माणूस

मातरोंची अजून एक गोष्ट विलक्षण आहे. त्यांनी आयुष्यभर भरपूर लिहिलं, पण त्यातलं खूपसं जर्नलमध्ये कधी आलंच नाही. केंद्राच्या अंतर्गत टिपणांच्या रूपात ते तसंच राहिलं, तेही बहुतांशी फ्रेंचमध्ये. १९६३ मध्ये इंग्रजीत एक लेख आला, १९७५ मध्ये 'रँडम सेट्स'वर इंग्रजीत एक पुस्तक आलं, पण एकूण पसाऱ्याच्या मानाने हे थोडंच. बाहेरच्या जगात हा विषय पोचवला तो त्यांच्या विद्यार्थ्यांनी आणि सहकाऱ्यांनी. मिशेल डाव्हिद यांचं पुस्तक १९७७ मध्ये आलं, जुर्नेल आणि ह्यूब्रेख्ट्स यांचं १९७८ मध्ये. आमच्या लायब्ररीत रेफरन्सच्या कपाटात असतात ती हीच.

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या माझ्यासारख्यांना 'ज्ञान म्हणजे इंग्रजी' हे समीकरण केजीपासूनच पाठ करून दिलेलं असतं. मातरोंचं आयुष्य त्या समीकरणाला सुरुंग लावतं. एक माणूस आपल्या भाषेत, आपल्या गावात बसून, नीट विचार करून लिहितो. ते इतकं पक्कं असतं, की जगाला ते समजून घेण्यासाठी त्याच्या दारात यावं लागतं. याचा अर्थ इंग्रजी नको असा मुळीच नाही. पण मराठीत व्हेरिओग्राम समजावता येत नाही असं कोणी म्हटलं, तर त्याला शिऱ्याचं उदाहरण जरूर सांगा.

७ ऑगस्ट २००० रोजी फॉन्तेनब्लो इथे मातरोंचं निधन झालं. वय होतं एकोणसत्तर. त्यांची टिपणं पुढे केंद्राने स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली केली. पुढे २०१२ मध्ये, आपल्याकडे वापरलं जाणारं सरपॅक आणि खड्डा ठरवणारं व्हिटल ही दोन्ही सॉफ्टवेअर ज्या कंपनीची होती, ती कंपनी दासो सिस्तेम या फ्रेंच कंपनीने विकत घेतली. फ्रान्समधलं गणित जगभर फिरून फ्रान्समध्येच परत आलं म्हणायचं!

मग आपण काय घ्यायचं?

आमच्या विदर्भात खाणींना तोटा नाही. चंद्रपूर-वणीच्या पट्ट्यात कोळशाच्या मोठमोठ्या ओपनकास्ट आहेत, भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गला मँगनीजची ओपनकास्ट आहे. उद्या आमच्यापैकी कितीतरी जण अशाच ठिकाणी प्लॅनिंग सेक्शनमध्ये कॉम्प्युटरसमोर बसतील. स्क्रीनवर लाल, पिवळे, निळे ठोकळे गोल गोल फिरवता येतील. ते चित्र इतकं देखणं असतं, की आपण जमिनीचा एक्स-रेच पाहतोय असं वाटायला लागतं. तो एक्स-रे नसतो. तो एक अंदाज असतो, बारा लाखांत एक भाग पाहून केलेला.

सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ब्लॉकच्या ग्रेडशेजारी आणखी एक कॉलम असू शकतो, क्रिगिंग व्हेरियन्सचा. बोअरहोल कुठे पुरेसे आहेत आणि कुठे आपण हवेत बोलतोय, हे तो कॉलम सांगतो. प्रेझेंटेशनमध्ये तो सहसा दिसत नाही, कारण रंगीत चित्र पाहून साहेब खूश होतात आणि हा कॉलम पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण त्याच कॉलमवरून ठरतं, की अजून दहा बोअरहोल मारायचे की थेट गावाला नोटीस द्यायची. मातरोंनी आम्हाला दिलेली खरी देणगी मला हीच वाटते. अंदाज तर कोणीही सांगतो. अंदाजाबरोबर त्यातली चूकही सांगणं याला इंजिनिअरिंग म्हणतात.

तेव्हा मायनिंगच्या मित्रांनो, पुढे कधी ब्लॉक मॉडेल करायची वेळ आली, तर तो दुसरा कॉलम लपवू नका. साहेबांनी नाही विचारला तरी दाखवा. आणि बाकीच्या ब्रँचवाल्यांनो, आमचा देव कोण हे आता तुम्हाला कळलंच आहे. अमिताभ आहेच, पण दुसऱ्या नंबरवर!

- तृतीय वर्ष, मायनिंग